परदेशी स्पर्धेला निघालेली सायकल आणि गंगापूर रोडजवळचे हे दुकान

गंगापूर रोडला लागून असलेल्या गल्लीतील हे सायकलचे दुकान बाहेरून पाहिले तर पंक्चर काढण्याच्या दुकानापेक्षा फारसे वेगळे वाटत नाही. दारात हवेचा पंप, खुंट्यांवर टांगलेले टायर आणि आत जेमतेम दोन सायकली उभ्या राहतील एवढी जागा. तरीही परदेशातील ट्रायथलॉनसाठी, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याच्या शर्यतीसाठी, निघालेले नाशिकचे अनेक हौशी स्पर्धक सायकल तयार करून घ्यायला येथेच येतात. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडमधील ताऊपो येथे आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिला जाण्यापूर्वी मीही माझी सायकल येथेच दिली होती. सायकलची संपूर्ण सर्व्हिसिंग, विमानप्रवासासाठी तिची बांधणी आणि कडक कवचाचा खोका भाड्याने, अशी तिहेरी सेवा मी घेतली. तिच्याविषयी सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, हौशी स्पर्धकाची खरी गरज कोणती हे या दुकानाच्या मालकांना जितके नेमके कळले आहे, तितके मोठ्या शहरांतील चकचकीत शोरूममध्येही मला आढळलेले नाही.

ही गरज समजून घ्यायची तर स्पर्धेचे स्वरूप थोडे सांगायला हवे. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, हे सारे एका दमात पूर्ण करायचे असते. जागतिक स्पर्धेत व्यावसायिक खेळाडूंबरोबरच पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत विभागलेले हौशी स्पर्धक असतात आणि संख्येने तेच कितीतरी जास्त असतात. तेथे पैसे भरून सहज प्रवेश मिळत नाही. २०२४ च्या स्पर्धेसाठी गोव्यासारख्या पात्रता स्पर्धेत आपल्या वयोगटात वरचा क्रमांक लागावा लागत होता, किंवा वरच्या क्रमांकाच्या स्पर्धकाने जागा सोडली तर ती खाली सरकत आपल्यापर्यंत यावी लागत होती. नोकरी, घर आणि मुलांच्या शाळा सांभाळून पहाटेचे तास त्यासाठी मोजून द्यावे लागतात. व्यावसायिक खेळाडूच्या दिमतीला मेकॅनिक असू शकतो. हौशी स्पर्धक मात्र स्वतःच्या खर्चाने, बहुधा एकटाच, फार तर घरातील एखाद्या माणसाला बरोबर घेऊन जातो. शिवाय स्पर्धा सुरू असताना नातेवाईक, प्रशिक्षक किंवा प्रेक्षक यांची मदत घेणे नियमबाह्य आहे. आयोजकांचे मेकॅनिक मार्गावर असतात, पण ९० किलोमीटरच्या मार्गावर ते आपल्यापर्यंत कधी पोहोचतील याचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे सायकल बिघडली तर ती आपली आपणच दुरुस्त करायची, एवढेच खरे.

दुकानाचे मालक साठीच्या घरातील आहेत. त्यांना सगळे काका म्हणतात आणि ते गिऱ्हाइकाला, मग ते वयाने कितीही लहान असो, ताई किंवा दादा म्हणतात. त्यांच्या काउंटरच्या खणात एक जाड वही असते. परदेशातून परतलेल्या प्रत्येक स्पर्धकाला ते बसवून घेतात आणि तिथला रस्ता कसा होता, वारा कोणत्या बाजूचा होता, विमानतळावर काय विचारले, घाईत कोणते हत्यार सापडले नाही, हे सारे विचारून वहीत उतरवतात. मी ताऊपोचे नाव काढताच त्यांनी पहिला प्रश्न टायरचा केला. न्यूझीलंडमधील बहुतेक रस्ते डांबरावर खडी दाबून बनवलेले, खरखरीत असतात आणि ताऊपो परिसरातील रस्ते त्याबद्दल सायकलस्वारांत प्रसिद्धच आहेत. गोव्यासाठी मी बसवलेले अरुंद टायर आणि त्यातील जास्त हवा तिथे उपयोगी नाही, कारण अशा रस्त्यावर कडक टायर चाकाला सतत उडवत राहतो आणि हातापायांची ताकद हादरे सोसण्यातच जाते, हे त्यांनी समजावून सांगितले. २८ मिलिमीटरचे टायर घालून हवा कमी ठेवायची, असे ठरले. मात्र नवे टायर विकून ते थांबले नाहीत. दिंडोरी रस्त्यालगतच्या ओबडधोबड पट्ट्यांवर काही आठवडे हेच टायर चालवा, मगच पक्के करा, अशी त्यांनी अट घातली. स्पर्धेच्या तोंडावर सायकलला नवा भाग लावायचा नाही हा त्यांचा नियम आहे आणि त्यासाठी ते स्वतःचा धंदाही सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एक तरुण उत्साहाने नवी सॅडल, म्हणजे बसायची सीट, घ्यायला आला होता, त्याला त्यांनी स्पर्धेवरून आल्यावर घ्या असे सांगून परत पाठवले.

यापुढचे काम मला सर्वांत मोलाचे वाटले. न्यूझीलंडमध्ये जैवसुरक्षेचे नियम अतिशय कडक आहेत. वापरलेली सायकल, बूट आणि अन्नपदार्थ यांची माहिती प्रवेशाच्या वेळी द्यावीच लागते आणि चुकीची माहिती दिल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. सायकलवर माती, गवताचे बी किंवा वाळलेले पान सापडले तर ती साफ होईपर्यंत अडकून पडू शकते. काकांनी सायकल पूर्ण खोलली. डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, दोन छोट्या चाकांच्या दातांत त्र्यंबक रस्त्याची लाल माती ग्रीसमध्ये मिसळून काळ्या पुटासारखी घट्ट बसली होती. ते पूट त्यांनी आधी काडीने, मग डिझेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने दातागणिक काढले. टायर उतरवून रिमची आतली कड पुसली, फ्रेमचा तळ आरशात पाहून तपासला आणि माझ्या सायकलच्या बुटांच्या तळाशी असलेल्या पट्टीचे स्क्रू काढून तिच्याखाली अडकलेले कुसळ चिमट्याने बाहेर काढले. त्या कुसळाकडे माझे लक्ष कधीच गेले नसते. ऑकलंडच्या विमानतळावर अधिकाऱ्यांनी टायर आणि बूट उलटेसुलटे करून पाहिले आणि काही मिनिटांत मला जाऊ दिले.

बांधणीच्या दिवशी गिऱ्हाइकाने स्वतः हजर राहिलेच पाहिजे, हा या दुकानाचा दुसरा नियम. काका एकदा सायकल खोलून दाखवतात आणि नंतर हत्यारे आपल्या हातात देऊन म्हणतात, “ताई, आता तुम्ही जोडा. तिथे मी नसणार.” मग ते स्टुलावर बसून फक्त पाहतात. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात, त्यामुळे ते काढताना पाना उजव्या पॅडलच्या विरुद्ध दिशेला फिरवावा लागतो. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, बाहेर काढण्यापूर्वी तिच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करावी लागते. कार्बनच्या सांध्यांवरील बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने, सायकलच्या त्या भागावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळायचे, कारण हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट कार्बनला तडा देऊ शकतो. डिस्क ब्रेकमधून चाक काढल्यावर पॅडांच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती ठेवायची, नाहीतर प्रवासात लिव्हर चुकून दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी चाकच आत जात नाही. मागचा डिरेलर हँगरसह, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या छोट्या पट्टीसह, काढून बबल रॅपमध्ये गुंडाळायचा, कारण खोक्याला धक्का लागला की सर्वांत आधी हँगर वाकतो. जादा हँगर बरोबर असावा हे वेगळे सांगायला नको. हे सारे इंटरनेटवरही शिकता येईल, असे कुणी म्हणेल. परंतु आपली सायकल, आपले हात आणि चूक झाली की तत्काळ थांबवणारा अनुभवी माणूस हे तिन्ही एकत्र असताना जे अंगवळणी पडते, ते व्हिडिओ पाहून पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक टप्प्यावर ते मोबाईलवर फोटो काढायला लावतात. त्याचा उपयोग मुंबईच्या विमानतळावरच झाला, कारण सुरक्षा तपासणीत खोका उघडायला सांगण्यात आला आणि फोटो पाहून सारे सामान त्याच क्रमाने परत बसवता आले. टायरमध्ये झटपट हवा भरण्याची कार्बन डायऑक्साइडची काडतुसे त्यांनी आधीच बाजूला काढली होती. विमान कंपनीच्या मंजुरीशिवाय ती नेता येत नाहीत, म्हणून ती ताऊपोत विकत घ्यायची असे ठरले होते. खोक्याचे वजनही त्यांनी दुकानातच काट्यावर करून दिले आणि त्यात कपडे कोंबण्याचा माझा बेत मोडून काढला.

ताऊपोत मुक्कामाच्या खोलीत मी एकटीने सायकल जोडली. सीटपोस्ट खुणेवर आली, चाके सरळ फिरली आणि तलावाकाठच्या रस्त्यावर मारलेल्या पहिल्या फेरीत गिअर नाशिकमध्ये पडत होते तसेच पडले. महिलांची स्पर्धा १४ डिसेंबरला, शनिवारी होती. ताऊपो हा ज्वालामुखीच्या विवरात साचलेला न्यूझीलंडमधील सर्वांत मोठा तलाव आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडावरही त्याचे पाणी थंड असते. सायकलच्या टप्प्यात एका चढावर माझी चेन घसरली. रस्त्याच्या डाव्या कडेला उतरून ती बसवायला मला फारसा वेळ लागला नाही, कारण दुकानात काकांनी मुद्दाम चेन पाडून ती मला पुन्हा पुन्हा बसवायला लावली होती. हात काळे झाले आणि मी पुढे निघाले. माझ्या दृष्टीने दुकानाला दिलेले सारे पैसे त्या चढावर वसूल झाले.

काही त्रुटीही नोंदवल्या पाहिजेत. भाड्याच्या खोक्याच्या एका कडीचा चाप सैल होता आणि येताना तो उघडलाच. मी वरून पट्टा बांधला होता म्हणून सामान सांडले नाही. अशा खोक्यासाठी अनामत रक्कम घेतली जाते, तर त्याची डागडुजी वेळेवर व्हायला हवी. परतल्यावर मी हे सांगितले तेव्हा त्यांनी कडी माझ्यासमोरच बदलली, पण ती आधी तपासणे हे दुकानाचे काम होते. महिलांसाठीच्या सॅडल येथे जवळजवळ नसतातच, आणि लांब अंतर चालवणाऱ्या स्त्रियांसाठी ही किरकोळ गोष्ट नाही. दोन-तीन नमुने बसून पाहण्यासाठी तरी ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. शरीराच्या मापानुसार सायकल बसवून देण्याची, म्हणजे बाइक फिटिंगची, सोय नाही. त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. थंड पाण्यात पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, म्हणजे वेटसूटही मिळत नाही. गोव्याच्या कोमट समुद्रात त्याची गरज पडत नाही, पण ताऊपोसारख्या ठिकाणी त्याशिवाय भागत नाही, आणि सावरकर जलतरण तलावात सराव करणाऱ्या आपल्याकडील स्पर्धकांनी तो अंगात घालून पाहिलेलाही नसतो. काका फोन क्वचितच उचलतात. दर शहरातील इतर दुकानांपेक्षा बरेच जास्त आहेत. मला ते वाजवी वाटले, परंतु जो फक्त पहाटे त्र्यंबकेश्वरापर्यंत जाऊन येतो, त्याने एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

नाशिकला सायकलचे वेड आहे हे सर्वज्ञात आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघातून ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, आणि ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. त्यानंतर येथील स्पर्धक परदेशी जाऊ लागले, पण त्यांच्या सायकलींची देखभाल करणारी माणसे त्या प्रमाणात तयार झाली नाहीत. काकांकडे सध्या एक मुलगा हाताखाली शिकतो आहे. त्याचा हात चांगला आहे, मात्र टॉर्क रेंच अजून काका स्वतःच वापरतात किंवा गिऱ्हाइकाकडून वापरून घेतात.

ज्यांना जायचे आहे त्यांनी प्रवासाच्या किमान महिनाभर आधी प्रत्यक्ष जाऊन सांगून ठेवावे. निघण्याच्या आठवड्यात आलेली सायकल काका घेत नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही जुने असो. खोका एकच आहे आणि गोव्याच्या स्पर्धेच्या सुमारास तो बहुधा कुणाच्या तरी नावावर लागलेला असतो. तेव्हा पुठ्ठ्याचा खोका घेण्याची तयारी ठेवावी. तो ते आतून लाकडी पट्ट्या लावून भक्कम करून देतात. सोमवारी दुकान बंद असते.