दोघांना एकच व्याजदर : महारेरा आणि नमुना करारनामा बरेच महिने वापरल्यावर

पुण्याच्या वेशीवर चालू बांधकामात फ्लॅट बुक केला, तेव्हापासून ताबा मिळेपर्यंत महारेराचं (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळ, तिथला बिल्डर-ग्राहक नमुना करारनामा आणि शेवटी दोघांत तडजोड घडवणारा सलोखा मंच असं सगळंच वापरून झालं. ओळखीचे लोक विचारतात, या रेराचा खरंच उपयोग होतो का? होतो. पण माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट संकेतस्थळ नाही आणि दंडाची भीतीही नाही. ती आहे रेरा म्हणजे 2016 च्या स्थावर मालमत्ता कायद्यातली व्याजाची व्याख्या. हप्ता थकला तर आपण ज्या दराने व्याज भरायचं, त्याच दराने ताबा थकला तर बिल्डरने आपल्याला द्यायचं. महाराष्ट्राच्या 2017 च्या नियमांप्रमाणे हा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेने ठरवलेला कर्जाचा किमान व्याजदर) अधिक दोन टक्के.

हे किती मोठं आहे ते कळायला आधीचे करार बघावे लागतात. गुरुग्रामच्या पायोनियर अर्बन खटल्यात ग्राहकाने उशीर केला तर 18 टक्के आणि बिल्डरने केला तर 9 टक्के असं कलम होतं. 2 एप्रिल 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी एकतर्फी कलमं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं सांगितलं. बिल्डरने लिहिलेल्या करारावर सही करण्याखेरीज ग्राहकापुढे मार्गच नव्हता, हे न्यायालयाने मान्य केलं. आपला करार कायदा 1872 चा. मुक्त संमती हा त्याचा पाया. पण छापील करारातला एक शब्दही बदलता येत नसेल, तर सही असते आणि संमती नावापुरतीच उरते.

"दोघं राजी आहेत, मग सरकारने मध्ये कशाला पडायचं?" असं म्हणणारे माझ्या घरातही आहेत. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. पहिली, माहितीची. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की माल कसा आहे हे फक्त विकणाऱ्याला माहीत असेल, तर चांगला विकणाराही बाजारात मार खातो, कारण घेणारा सगळ्यांकडेच संशयाने बघतो. घर तर अजून बांधलेलंच नसतं! म्हणून मंजूर नकाशे, विकलेले फ्लॅट, जमिनीवरचा बोजा, चालू खटले आणि दर तिमाहीची प्रगती सगळ्यांसमोर ठेवायला लावणं म्हणजे प्रामाणिक बिल्डरचंही संरक्षण आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. करारावर सही करायच्या आदल्या दिवशी आपण उठून दुसरीकडे जाऊ शकतो. नंतर ती ताकद महिन्यागणिक कमी होत जाते. नमुना करारातला हप्त्यांचा तक्ताच बघा: करारानंतर 30 टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की 45, सगळे स्लॅब पडले की 70. म्हणजे भिंतींना आतून प्लास्टर व्हायच्या आधीच दोनतृतीयांशाहून जास्त पैसे गेलेले असतात. वर स्टॅम्प ड्युटी भरलेली, कर्जाचं व्याज चालू, राहत्या घराचं भाडं चालू. अशा वेळी समोरून "थोडं समजून घ्या" असं आलं की माणूस समजून घेतोच, कारण बाहेर पडणं परवडत नाही. यावर कायद्याचा उतारा म्हणजे 70 टक्क्यांचं वेगळं बँक खातं. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांनी दाखले दिल्यावर, जेवढं काम झालं त्या प्रमाणातच त्यातून पैसे काढायचे. आपले पैसे दुसऱ्याच प्रकल्पाच्या जमिनीत जाऊ नयेत यासाठी ही तजवीज आहे. मी हे दाखले उघडून वाचायची सवय लावून घेतली. मागणीपत्रात लिहिलेला टप्पा आणि दाखल्यातला टप्पा जुळतो का, हे बघायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

आमचा मसुदा आला तेव्हा तो नमुन्याशेजारी ठेवून वाचला. नमुन्यापेक्षा काय वेगळं केलंय याचा डेव्हिएशन रिपोर्टही संकेतस्थळावर असतो, आधी तोच उघडावा. आमच्या मसुद्यात दोन बदल होते. अपरिहार्य संकटांच्या (युद्ध, पूर, भूकंप अशा) कलमात मजूरटंचाई आणि "आमच्या आवाक्याबाहेरचं कोणतंही कारण" घुसवलेलं होतं. शिवाय उशिरासाठी व्याजाच्या जागी चौरस फुटामागे महिन्याला ठरावीक रुपये लिहिले होते. अपरिहार्य संकटं, दोषदायित्व (ताब्यानंतर निघालेले बांधकामातले दोष दुरुस्त करायची जबाबदारी), कार्पेट एरिया आणि कन्व्हेयन्स (सोसायटीच्या नावे मालकी करून देणं) ही कलमं बदलायची नाहीत असं महारेराने घालून दिलेलं आहे. हे लेखी कळवल्यावर पहिला बदल निघाला. दुसऱ्यासाठी थोडी ओढाताण झाली, पण व्याजाचं कलम मूळ शब्दांत परत आलं. हे सगळं मी 10 टक्क्यांहून जास्त पैसे देण्याआधी केलं. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत कराराशिवाय त्याहून जास्त घेताच येत नाही. घासाघीस करायची ती याच खिडकीत.

ताब्याची तारीख उलटली तेव्हा उत्तर आलं, "प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली आहे, आता नवी तारीख धरा." तसं नसतं. नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 रोजी स्पष्ट केलं की उशीर मोजायचा तो करारातल्या तारखेपासून. मुदतवाढीने बिल्डरला काम पुरं करायला परवानगी मिळते, ग्राहकाला दिलेला शब्द त्याने पुसला जात नाही. कलम 18 प्रमाणे घर सोडलं तर व्याजासह परतावा, ठेवलं तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. आम्हाला घर हवंच होतं. सलोखा मंचात बोलणी झाली, दर कायद्यातच ठरलेला असल्यामुळे वाद फक्त महिन्यांचा उरला, आणि ती रक्कम शेवटच्या हप्त्यातून वळती झाली. आकडा आधीच ठरलेला असला की बोलणी किती सोपी होतात, ते तिथे बसल्यावर कळलं.

आता खटकणारा भाग, आणि तो कायद्याच्या रचनेतलाच आहे. दर समान आहे, पण तो वसूल करायची ताकद समान नाही. आपण तीन हप्ते थकवले की बिल्डर 15 दिवसांची नोटीस देऊन करार स्वतः रद्द करू शकतो. बिल्डरने ताबा थकवला तर आपण अर्ज करायचा, सुनावणीची वाट बघायची, आदेश मिळवायचा, आणि तरीही पैसे आले नाहीत तर वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार, मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होणार. अपिलात जाताना बिल्डरला ग्राहकाची सगळी रक्कम आधी जमा करावी लागते, ही कलम 43 मधली अट मोठा आधार आहे, आणि 2021 मध्ये न्यूटेक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलूनही धरली. पण जो बिल्डर अपिलातच जात नाही आणि पैसेही देत नाही, त्याच्यापुढे ही अट निरुपयोगी आहे.

यावर उपाय नमुना करारातच करता येईल असं मला मनापासून वाटतं. ताब्याची तारीख उलटली की त्या महिन्याचं व्याज पुढच्या मागणीपत्रातून आपोआप वजा व्हावं, अर्ज न करता. आपल्या उशिराचं व्याज बिल्डर मागणीपत्रात स्वतःच जोडतो, त्यासाठी त्याला कुणाकडे जावं लागत नाही. आणि ही वजावट चालावी म्हणून शेवटच्या टप्प्यात आपल्या हातात, नमुन्यात ताब्यासाठी ठेवलेल्या पाच टक्क्यांहून जास्त रक्कम उरायला हवी.