सेटअपला कुलूप होतं, तिथेच मी थांबायला हवं होतं

जुनं वर्कस्टेशन (जड कामांसाठीचा संगणक) घ्यायचा विचार चुकीचा नव्हता, हे आधीच सांगतो. २०१२ च्या सुमाराची, इंटेलच्या झिऑन प्रोसेसरची यंत्रं दणकट असतात, आणि पुतणीला थ्रीडी रेंडरिंगसाठी (मॉडेलवरून चित्र तयार करण्यासाठी) जास्त कोअरचा, म्हणजे एकाच वेळी जास्त कामं करणारा प्रोसेसर हवा होता. विकणाऱ्या तरुणाने सांगितलं: झिऑन ई५-२६७०, म्हणजे ८ कोअर, १६ थ्रेड, ३२ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. विंडोजमध्ये सिस्टिमची माहिती उघडून त्याने प्रोसेसरचं नाव दाखवलं. नाव तेच होतं.

मी म्हटलं, एकदा बायोस सेटअप दाखव. विंडोजच्याही आधी उघडणारी, यंत्राच्या मूळ सेटिंगची पानं म्हणजे हा सेटअप. त्याने रीस्टार्ट केलं आणि पडद्यावर पासवर्डची चौकट आली. "काका, मशीन ज्या ऑफिसातून आलंय त्यांचा पासवर्ड आहे. तुम्हाला तिथे जायचं कामच पडणार नाही, सगळं सेट करून दिलंय." वर एक सल्लाही दिला, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करू नका, जुन्या मशीनवर तोच चालतो." मला दोन्ही गोष्टी त्याने काळजीपोटी सांगितल्यासारख्या वाटल्या. पावतीवर त्याने लिहिलं, "कॉम्प्युटर एक नग, चालू स्थितीत." मी पैसे मोजले.

रेंडरिंगला पुतणीच्या लॅपटॉपइतकाच वेळ लागू लागला. जड मॉडेल उघडलं की पडदा काळा. टास्क मॅनेजरमध्ये नाव ई५-२६७० च, पण कोअर ४ आणि लॉजिकल प्रोसेसरही ४. अशा यंत्रांच्या सेटअपमध्ये काही कोअर आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरकडून दोन थ्रेड चालवून घेण्याची सोय) बंद ठेवता येतं, तसंच कोणीतरी केलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. सेटअपला कुलूप असल्यामुळे ती समजूत टिकलीही. खोटं उघडं पाडण्याऐवजी मी त्याच्यासाठी कारण शोधत बसलो, याचं आजही वाईट वाटतं.

शेवटी दुरुस्तीचं काम करणारा एक मित्र आला. त्याने सीपीयू-झेड चालवलं. हा छोटा प्रोग्रॅम थेट प्रोसेसरलाच विचारतो. उत्तर आलं ई५-२६०३: ४ कोअर, हायपरथ्रेडिंग नाहीच, वेग १.८ गीगाहर्ट्‌झ. मग विंडोजमध्ये दुसरं नाव कसं? प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत असतं आणि दर वेळी संगणक सुरू होताना ते नव्याने भरलं जातं. म्हणजे एकदा बदलून भागत नाही. टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेली कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) एक स्क्रिप्ट सापडली. लॉग-इन झालं की ती गुपचूप तिथे २६७० लिहून ठेवायची. स्क्रिप्ट बंद करून रीस्टार्ट केलं, आणि विंडोजनेही २६०३ म्हटलं.

मग पासवर्ड. वायर काढून, बाजूचं झाकण उघडून मित्राने मदरबोर्डवर पासवर्डचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) शोधला, तो काढून यंत्र एकदा सुरू केलं, आणि पासवर्ड गेला. हे सगळ्याच यंत्रांत इतकं सोपं नसतं. काहींत पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो. सेटअपच्या पहिल्याच पानावर सगळं लिहिलेलं होतं: प्रोसेसरचं खरं नाव, कोअर, प्रत्येक स्लॉटमधली रॅम. रॅम तेवढी खरी ३२ जीबी निघाली. पण १६०० वेगाच्या पट्ट्या १०६६ वर चालत होत्या, कारण २६०३ त्यापुढे जातच नाही. कुलूप कशासाठी होतं ते तिथे कळलं. यूएसबीवरून लिनक्स चालवून खरंखोटं पाहण्याची वाटही त्या कुलुपानेच अडवली होती, कारण बूटचा क्रम, म्हणजे यंत्र आधी कशावरून सुरू व्हावं ते, या यंत्रात तिथूनच बदलावं लागत होतं.

त्याच बैठकीत आम्ही मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल (सेटिंग लक्षात ठेवायला लागणारी बटणासारखी बॅटरी) बदलला आणि नवा घोळ झाला. सेटिंग पुसली गेली, साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआयवरून रेडवर गेला आणि विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं. मोड परत एएचसीआय केल्यावर चालू झालं. तुम्ही सेल बदलणार असाल तर आधी सेटअपच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

कार्डाची गोष्ट जास्त चीड आणणारी आहे. १०५० टीआय २०१६ चं, पास्कल पिढीचं. या पिढीच्या चिपमधून व्हीजीएचा (मॉनिटरच्या जुन्या जोडणीचा) अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही. माझ्या कार्डाला मात्र मागे निळा व्हीजीए पोर्ट होता आणि मॉनिटर मी त्यालाच जोडला होता! ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडने नावाआधी 'फेक' असं दाखवलं. आत २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयची चिप, ७६८ ऐवजी १९२ कुडा कोअर (चिपमधले गणना करणारे भाग). कार्डाचा बायोस बदलून त्याच्याकडून ४ जीबी वदवून घेतलं होतं. असलेली मेमरी भरली की पडदा काळा, एवढं साधं कारण. ड्रायव्हरबद्दलचा सल्लाही त्यासाठीच होता: ५५० टीआयच्या पिढीच्या चिपसाठी नवे ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबले.

मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, प्रोसेसर तुम्ही बदलला नसेल कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावतीवर प्रोसेसरचं नाव नाही, कार्डाचं नाही, सिरियल नंबर नाही. घेताना सेटअपचा एक फोटो असता तर निदान भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने माझे फोन उचलणं बंद केलं.

यंत्र टाकून दिलेलं नाही. त्याच सॉकेटमध्ये खरा २६७० बसतो. मित्राने मिळवून दिला, आणि बसवण्याआधी त्याच्या धातूच्या झाकणावर कोरलेलं नाव मी स्वतः वाचलं. पुतणीचं काम आता नीट चालतं.

परवा त्याच माणसाची नवी जाहिरात पाहिली. तसंच वर्कस्टेशन, तेच १०५० टीआय. मागच्या बाजूच्या फोटोत निळा पोर्ट स्पष्ट दिसतो.