माडावर चढायचं यंत्र: सात महिने आणि एक फाटलेलं रबर

तळहाताएवढ्या रबरासाठी दुकानदाराशी तीन आठवडे भांडलो, त्या रागात हे लिहितोय.

यंत्र म्हणजे नारळाच्या झाडावर पाय ठेवत चढायचं साधन. केरळातल्या चेंबेरीच्या पद्धतीचं, डावा-उजवा असे दोन सुटे भाग, खोडाभोवती फास घालायला दोन तारदोर (तारेचे दोर), उभ्याने चढायचं. ऑक्टोबरात ३,२०० ला घेतलं. आमचे २२ माड, सगळे बाणवली, म्हणजे उंच जातीचे. पाडेली (नारळ पाडणारा) माडामागे ६० घेतो, म्हणजे एका पाडणीचे १,३२०. दीड महिन्याने पाडणी धरली तर तिसऱ्या वेळेलाच पैसे वसूल. पैसे वाचले हे खरं, पण पहिल्या दिवशी दहा फुटांवर पाय असे लटपटले की खाली उभ्या आईने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. चार-पाच माडांनंतर लय सापडते.

चौथ्या पाडणीला उजव्या भागाचं रबर फाटलं. खोडाला टेकतं ते. अर्ध्या माडावर पाय वीतभर घसरला. दुकानात गेलो तर म्हणे, ‘सुटं मिळत नाही, पूर्ण सेट घ्या.’ अहो, सायकलचं ब्रेकरबर संपलं म्हणून कोणी सायकल घेतं का? फोन केले, फोटो पाठवले. शेवटी ‘कंपनीला कळवतो’. ते अजून कळवतायत.

इथपर्यंत मी या वस्तूला पाचपैकी एक देणार होतो. मग आमचे पाडेली काका आले, फाटलेलं रबर उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, ‘माड बदललो, मगे दोर नको बदलूक? बारक्या हातात मोठी बांगडी घातल्यासारखा केलंस.’

चूक माझीच होती. बुंध्याशी जाड असलेल्या माडाला लावलेला फास तसाच पुढच्या बारीक माडाला लावत होतो. फास सैल राहिला की पायपट्टी बाहेर कलते, रबराची फक्त खालची कड टेकते आणि सगळं वजन तिच्यावर घासतं. आता प्रत्येक माडाखाली फास नव्याने बसवतो आणि बुंध्याशीच दोन्ही पायांवर झुलून बघतो. तारदोर आधी फडक्याने पुसतो. फडकं अडकलं म्हणजे दोरातली एखादी तार तुटलीय, त्या दिवशी चढायचं नाही. नवं रबर स्कूटरच्या जुन्या टायरचं, फुकट, आणि मूळ रबरापेक्षा चांगलं धरतं. तरीही दुकानदाराला माफी नाही.

खरी उणीव वेगळीच आहे आणि मी ती उशिरा मनावर घेतली. हात सुटले तर तुम्हाला धरायला यंत्रात काहीच नाही, पाय अडकलेले आणि धड उलटं. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने या पद्धतीच्या यंत्राला जोडायची सुरक्षा-जोडणी काढलीय, ती मला दुकानात कोणी दाखवलीसुद्धा नाही. मी कमरपट्टा आणि तिसरा दोर लावतो. वेळ लागतो, लागू दे. पावसात शेवाळलेल्या खोडावर मात्र चढणारच नाही.

एक गोष्ट मनापासून आवडली. खोडाला खाचा पाडाव्या लागत नाहीत. आमच्या जुन्या माडांवर आजोबांच्या काळातल्या खाचा आहेत. तसल्या जखमांत पाणी मुरतं आणि सोंड्या भुंगा अंडी घालतो. चढायचे काट्याचे बूट फक्त तोडायच्या झाडावर घालावेत, असं झाडांची निगा राखणारे व्यावसायिकही सांगतात, ते उगाच नाही.

शेंड्याशी पलीकडच्या नारळाच्या पेंडीपर्यंत (घडापर्यंत) कोयती पोचत नाही, तेव्हा उतरून दुसऱ्या बाजूने पुन्हा चढावं लागतं. आणि वाकड्या माडावर यंत्र चालत नाही. आमचे तसे दोन आहेत, ते काकांकडेच ठेवलेत. मागच्या आठवड्यात त्यांनी त्या दोघांचा दर शंभर केला.