वेर्ण्यातल्या औषध कारखान्यात डिजिटल लॉगबुक: डेमो झकास, करार नीट वाचा

डेमो छान होतो, यात वाद नाही. टॅबवर यंत्राचा क्यूआर कोड स्कॅन केला की त्याचं लॉगबुक, म्हणजे वापराची आणि साफसफाईची नोंदवही, उघडतं आणि आधीच्या बॅचनंतरची साफसफाई नोंदलेली नसेल तर पुढची बॅच सुरूच होऊ देत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम) आल्यापासून फक्त देशात माल विकणाऱ्यांनाही संगणकीय प्रणालीचं व्हॅलिडेशन, म्हणजे ती ठरल्याप्रमाणे चालते याचा लेखी पुरावा, टाळता येत नाही. त्यामुळे गोव्यातल्या वेर्णा, कुंडई या औद्योगिक वसाहतींत अशा सेवा विकणाऱ्यांची ये-जा असते.

ऑडिट ट्रेलचं काम चोख आहे. जुनी नोंद पुसली जात नाही. कोणी, कधी, काय आणि का बदललं ते दिसतं. मात्र ‘का’च्या यादीत ‘टायपिंग चूक’ हा पर्याय सगळ्यात वर ठेवलाय. घाईतला ऑपरेटर तोच दाबणार आणि क्यूएने (गुणवत्ता हमी विभागाने) ट्रेल तपासायला घेतला की पानभर एकच कारण. यादीखाली मजकूर सक्तीचा करून घ्या. तेवढं सेटिंगमध्ये होतं, म्हणजे गॅम्प ५ या संगणकीय प्रणालींच्या मार्गदर्शिकेनुसार चौथ्या वर्गातच (सेटिंग बदलून वापरायच्या प्रणाली) राहता. खास कोड लिहून घेतलात की पाचवा वर्ग, मग कोड रिव्ह्यूपासून सगळं वाढतं आणि बिलही.

खरी गोची वेळेची. पावसात वीज गेली, जनरेटर उचलेपर्यंत नेटवर्क स्विच बंद पडला, तर टॅब ऑफलाइन नोंद घेतो आणि तिच्यावर स्वतःच्या घड्याळाची वेळ मारतो. ते घड्याळ ऑपरेटरला मागेपुढे करता येत असेल, तर २१ सीएफआर पार्ट ११ या अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नियमापुढे ती नोंद टिकणार नाही. स्विचला यूपीएस द्या, टॅब किऑस्क मोडवर (फक्त हेच अ‍ॅप चालेल असा) टाका, आणि ओक्यूमध्ये (प्रणालीचं काम तपासण्याच्या टप्प्यात) ही चाचणी स्वतः घाला: वाय-फाय बंद, घड्याळ अर्धा तास मागे, नोंद, वाय-फाय चालू. पुरवठादाराच्या तयार स्क्रिप्टमध्ये ती नाही.

‘व्हॅलिडेशन पॅकेज’ म्हणून जे विकतात त्यातले आयक्यू (बसवणीची तपासणी) आणि ओक्यूचे नमुने वापरण्याजोगे आहेत. यूआरएसही (प्रणालीकडून आपल्याला काय हवं त्याची यादी) तेच लिहून देतात, आणि ती त्यांच्या माहितीपत्रकावरूनच उतरवलेली असते. परीक्षेचा पेपर विद्यार्थ्यानेच काढावा, तसला प्रकार. यूआरएस आपल्या क्यूए आणि प्रॉडक्शनने लिहावी. पीक्यू (प्रत्यक्ष वापरातली तपासणी) आपल्याच एसओपीवर (लेखी कार्यपद्धतीवर), रात्रपाळी धरून करावी.

विकणाऱ्यांची एक सवय कळत नाही. पहिल्या तीन बैठका आयटी आणि पर्चेसबरोबर घेतात, क्यूएला शेवटी बोलावतात, आणि मग व्हेंडर ऑडिटची प्रश्नावली आली की महिनाभर उत्तर नाही. स्लाइड्सऐवजी ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्सचा (कोणती गरज कोणत्या चाचणीत तपासली त्या तक्त्याचा) नमुना आणला असता तर निम्म्या शंका तिथेच मिटल्या असत्या. कोकणीतून शिकवणारा माणूस मात्र पाठवतात, त्याचे गुण द्यायलाच हवेत. हेल्पडेस्क संध्याकाळी बंद होतो, कारखाना तीन पाळ्यांत चालतो.

क्लाउडवर अपग्रेड आपोआप येतात. प्रत्येक अपग्रेडला आपला चेंज कंट्रोल (बदल तपासून मंजूर करण्याची प्रक्रिया) लागतो. तेव्हा ३० दिवसांची आगाऊ सूचना आणि वेगळी टेस्ट प्रणाली करारात लिहून घ्या. अमेरिकेला जाणाऱ्या बॅचच्या नोंदी एक्सपायरीनंतर किमान १ वर्ष ठेवाव्या लागतात. ३ वर्षं टिकणाऱ्या गोळीच्या नोंदी म्हणजे उत्पादनापासून किमान ४ वर्षं. करार ३ वर्षांचा आणि तो संपल्यावर मिळतात नुसत्या पीडीएफ, ऑडिट ट्रेलशिवाय. हे कलम बदलून मिळत नसेल तर सही करू नका.