१९४८ चा कॅनडाचा चांदीचा डॉलर घेताना मी असा फसलो, तुम्ही आधी राजाची बाजू बघा

हे लिहायला दोन महिने लागले कारण राग जातच नव्हता. पण इथे टोरांटो-मिसिसागाकडे आपले बरेच जण हल्ली कॅनडाची जुनी नाणी जमवायला लागलेत आणि मी ज्या नाण्यात फसलो ते नाणं मुद्दाम आपल्या लोकांनाच गाठून विकतायत असं माझं स्पष्ट मत झालंय, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आमच्याकडे हा नाद ग्रोसरीच्या सुट्ट्या पैशांतून लागला. पाच सेंटचं १९६७ चं नाणं आलं, त्यावर पळणारा ससा. त्या वर्षी कॅनडाला शंभर वर्षं झाली म्हणून अ‍ॅलेक्स कोलव्हिल या चित्रकाराने सगळ्याच नाण्यांवर प्राणी-पक्षी काढले होते, सेंटवर कबूतर, दहा सेंटवर मासा, पंचवीसवर रानमांजर, पन्नासवर लांडगा आणि डॉलरवर उडणारा कॅनडा गूज. मुलीला तो ससा इतका आवडला की आम्ही बापलेकीने मिळून अख्खा सेट पुरा केला, मग मी वजनकाटा घेतला, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं, कॅटलॉग घेतला आणि रात्री जेवणं झाली की तेच.

त्या वाचण्यातच १९४८ चा डॉलर समोर आला. फक्त १८,७८० नाणी पाडली, आणि त्याचं कारण आपण! भारत स्वतंत्र झाला, नाण्यावरचा राजा सहावा जॉर्ज आता भारताचा सम्राट राहिला नाही, म्हणून नाण्यावरची ती पदवी काढायची होती आणि त्यासाठी नवे साचे लंडनहून यायचे होते, ते यायला खूप उशीर झाला. तोवर ओटावाच्या टांकसाळीने १९४७ च्याच जुन्या साच्यांवर नाणी पाडली, फक्त सालाशेजारी एक इवलंसं मेपलचं पान टाकलं म्हणजे ती १९४८ मध्ये पाडलीत हे कळावं. नवे साचे आल्यावर वर्ष थोडंच उरलं होतं म्हणून १९४८ चे डॉलर इतके कमी. हे वाचून मला खरंच भरून आलं, माझे आजोबा त्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळेत होते, आणि इतक्या लांबच्या देशातल्या नाण्यावर त्या दिवसाची खूण राहिलीय. ते नाणं घरात हवंच असं ठरवलं.

आणि पंधरा दिवसांत जाहिरात दिसली. वर लिहिलेलं, भारताच्या स्वातंत्र्याचं दुर्मिळ नाणं. फोटो एकच, होडीच्या बाजूचा (या डॉलरच्या एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला होडी आणि साल). किंमत ८५० डॉलर, कॅटलॉगपेक्षा बरीच कमी. माणूस फोनवर अतिशय नम्र, म्हणे आजोबांचं कलेक्शन आहे, घर विकतोय, तुमच्यासारख्या भारतीय माणसाकडे गेलं तर मला समाधान. एका प्लाझाच्या पार्किंगमध्ये भेटलो. नाणं पिन मारलेल्या पुठ्ठ्याच्या चौकोनी फ्लिपमध्ये होतं, वर पेनाने ईएफ-४० लिहिलेलं, म्हणजे झीज फार कमी असल्याची ग्रेड. मी काही डोळे झाकून घेतलं नाही हो, हे मला नीट सांगायचंय. पिना काढायला लावल्या, काटा सोबत नेला होता, वजन भरलं २३.३ ग्रॅम, अगदी बरोबर. चुंबक लावलं, चिकटलं नाही. बोटाच्या टोकावर तोलून टिचकी मारली तर चांदीचा तो लांब नाद. साल बघितलं, १९४८. होडीतल्या सामानाच्या गाठोड्यावरची एचबी (हडसन्स बे कंपनीची) ही बारीक अक्षरंसुद्धा भिंगातून बघितली. राजाची बाजू उलटून पाहिली ती फक्त झीज किती आहे एवढ्यासाठी. तिथेच उभ्या उभ्या ई-ट्रान्सफर केला, म्हणजे बँकेतून ऑनलाइन पैसे पाठवले, आणि घरी येऊन देवापुढे ठेवलं नाणं.

सात आठवड्यांनी टोरांटोत एका कॉइन शोला गेलो, एका वयस्कर डीलरला दाखवलं. त्याने दोनच सेकंद बघितलं, उलटं केलं आणि माझ्यापुढे धरून म्हणाला, हे वाच. मी वाचलं, डी:जी:रेक्स एट इंड:इंप. म्हणजे राजा आणि भारताचा सम्राट. १९४८ वर ही अक्षरं असूच शकत नाहीत, ती काढण्यासाठीच तर सगळा खोळंबा झाला होता, तिथे नुसतं डेई ग्राशिया रेक्स, म्हणजे देवाच्या कृपेने राजा, एवढंच हवं. मग त्याने भिंग दिलं आणि आठचा आकडा दाखवला. वरचं वेटोळं डावीकडे जाड, उजवीकडे केसासारखं बारीक, आणि आकड्याभोवतीची चांदी किंचित खरवडलेली, तिथला रंग बाकी नाण्यापेक्षा पांढरट. तो १९४६ चा डॉलर होता, सहाचा आठ केलेला. म्हणून वजन बरोबर, म्हणून नाद बरोबर, चांदी खरीच, ८० टक्के, साल तेवढं खोटं. आता त्याची किंमत जेमतेम आतल्या साडेअठरा ग्रॅम चांदीइतकी.

गोष्ट मला तोंडपाठ होती, पण ती नाण्यावर वाचायची असते हे त्या पार्किंगमध्ये डोक्यात आलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं, पैशांपेक्षाही.

पैसे गेले ते गेले. ई-ट्रान्सफर समोरच्याने जमा करून घेतला की परत फिरवता येत नाही, बँकेने हेच सांगितलं. तो नंबर बंद. पोलिसांकडे आणि कॅनडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार दिलीय, तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर तुम्हीही द्या, रक्कम लहान म्हणून गप्प बसू नका.

त्या डीलरने नंतर अर्धा तास बसवून शिकवलं, त्यातलं कामाचं सांगतो. मेपल पानवाला १९४७ घेताना ते पान भिंगातून बघायचंच, साध्या १९४७ वर नंतर पान चिकटवलेलं असू शकतं, आणि तिथे इंड:इंप असणं बरोबर आहे कारण साचे जुनेच होते, गोंधळ करू नका. पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलेल्या ग्रेडला काडीची किंमत नाही. १९४८ चा डॉलर, १९२१ चे पन्नास सेंट, असलं महागाचं काही असेल तर आयसीसीएस किंवा पीसीजीएस या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट असलेलंच घ्यायचं, तेही दुकान आणि पावती असलेल्या डीलरकडून, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि घासून चकचकीत केलेलं जुनं नाणं बघून भुलायचं नाही, भिंगाखाली एका दिशेच्या बारीक रेघा दिसल्या की ठेवून द्यायचं.

ते नाणं मी विकणार नाही, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जायला नको. मुलीने त्याच्या फ्लिपवर लाल पेनाने १९४६ लिहिलंय.

परवा तशीच जाहिरात परत आली. स्वातंत्र्याचं नाणं, फोटो एकच, होडीचा, ९०० डॉलर. मी वेगळ्या नंबरवरून मेसेज टाकला की राजाच्या बाजूचा फोटो पाठवा, अक्षरं वाचता येतील असा. त्याने बघितलाय, उत्तर नाही, आणि संध्याकाळी जाहिरात गायब झाली. दिसली कुठे तर तुम्हीही एवढंच विचारा.