सगळं आतच, की सुटं सुटं? सांगली-मिरजेच्या घरासाठी वायरलेस स्पीकर निवडताना

घरात फायबर आलं, गाण्यांच्या ॲपचा लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारा, प्लॅन घेतला आणि आता टीव्हीखालच्या साउंडबारवर ख्याल ऐकवत नाही. अशा घरापुढे साधारण तीन वाटा असतात. एक, पॉवर्ड स्पीकरची स्वस्त जोडी, म्हणजे ॲम्प्लिफायर खोक्याच्या आतच असलेली. एडिफायरची आर१२८०डीबी हे नेहमीचं उदाहरण. तिला विम मिनीसारखा तळहाताएवढा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणं ओढणारी डबी, जोडायचा. दोन, सगळं पोटात घेतलेली वाय-फाय जोडी, जशी केईएफची एलएसएक्स २. तीन, वीज न लागणारे साधे स्पीकर, उदाहरणार्थ व्हार्फडेल डायमंड १२.१, आणि त्यांना चालवायला विम ॲम्प.

खर्च मोघम सांगायचा तर पहिली वाट वीस-पंचवीस हजारांची, तिसरी साठ-सत्तर हजारांची आणि दुसरी लाखाच्या पुढची. दिवाळीच्या सेलमध्ये हे आकडे बरेच हलतात, म्हणून रुपयापर्यंतच्या हिशेबात शिरत नाही.

सोनोस एरा १०० किंवा ॲपलचा होमपॉड अशी एकेक डबी घेऊन तिची जोडी लावणं ही चौथी वाट आहे. ती स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत ठीक. होमपॉडवर ब्लूटूथने गाणं पाठवताच येत नाही, त्यामुळे घरात अँड्रॉइड फोन असतील तर तो विचार सोडलेलाच बरा. मन लावून ऐकायच्या खोलीसाठी यातलं काही सुचवणार नाही.

ब्लूटूथ पुरतं का?

सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर नेहमी दिसणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींमध्ये, सगळ्यात ऐसपैस एलडॅक, तोही ९९० पर्यंतच, आणि सिग्नल ढिला झाला की ६६० किंवा ३३० वर उतरतो. ॲप्टएक्स एचडी ५७६ वर थांबतो. आयफोनला यातलं काहीच चालत नाही, तो एसबीसी आणि एएसी एवढ्यावरच भागवतो. म्हणजे लॉसलेसचे पैसे भरून गाणं ब्लूटूथने ऐकलं तर त्या पैशांचा मोठा भाग वाटेतच सांडतो.

तरी खरं सांगायचं तर चांगल्या एएसीतला आणि लॉसलेसमधला फरक डोळे मिटून ओळखणारे फार थोडे. वाय-फाय घ्यायचं कारण माझ्या मते वेगळं आहे. स्पॉटिफाय कनेक्टसारख्या सोयीत स्पीकर किंवा स्ट्रीमर गाणं थेट इंटरनेटवरून ओढतो, फोन फक्त रिमोट उरतो. मारवा रंगात आलेला असताना गॅस एजन्सीचा फोन आला तरी गाणं थांबत नाही. फोन खिशात घालून गच्चीवर गेलात तरी घरातल्यांचं ऐकणं तुटत नाही. रोजच्या वापरात ही गोष्ट बिटरेटपेक्षा मोठी ठरते.

इंटरनेटचा वेग हा प्रश्नच नाही. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं संगीत कोणतंही आकुंचन न करता पाठवलं तरी साडेनऊ मेगाबिटच्या आत बसतं. अडचण भिंतींची असते. गावभागातल्या जुन्या घरांच्या जाड भिंती ओलांडून राउटरचा सिग्नल माजघरात पोचेपर्यंत अर्धमेला होतो. स्पीकर ठेवायच्या जागी आधी फोनवर वाय-फायची ताकद बघा. कमी दिसली तर लॅनची वायर ओढा, नाहीतर राउटर हलवा. एलएसएक्स २ ला लॅनचं तोंड आहे आणि विम ॲम्पलाही. विम मिनीला मात्र नाही.

आणखी एक तपासणी खरेदीआधीच करायची. फोनवरून वाय-फायने गाणं पाठवायला घरात आयफोन असतील तर एअरप्ले २ हवं, अँड्रॉइड असतील तर गूगल कास्ट. एलएसएक्स २ आणि विम ॲम्प या दोघांतही दोन्ही आहे. विम मिनीत एअरप्ले २ आहे पण कास्ट नाही, त्यामुळे अँड्रॉइडवाल्यांनी थोडे पैसे घालून विम प्रो घ्यावा.

तंबोरा लावून बघा

दुकानात गेलं की विक्रेता ठरावीक डेमो लावतो: ढोल, काचेचे तुकडे, हेलिकॉप्टर. छाती दणाणते, पण कळत काही नाही. आपल्याकडे याहून कडक परीक्षक घराजवळच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याच्या आवाजात स्पीकरची परीक्षा घ्यायला लागणारं सगळं आहे.

तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर घासत थरथरते. तिच्याखाली सुताचा बारीक तुकडा असतो, तो केसभर पुढे-मागे सरकवला की जवारी लागते आणि मूळ स्वराच्या वर उपस्वरांची दाट साखळी उभी राहते. चांगल्या स्पीकरवर या साखळीतला गंधार आपसूक कानावर येतो, शोधावा लागत नाही. ट्वीटर, म्हणजे बारीक स्वरांचा छोटा स्पीकर, कर्कश असेल तर सगळ्याची मिळून एकच गुणगुण होते. ब्लूटूथचा सिग्नल कमकुवत झाला तर त्या चकाकीत वाळू मिसळल्यासारखी वाटते. तबल्यात किंवा गिटारमध्ये हे दोष झाकले जातात. तंबोरा सारखा चालूच असतो, त्यामुळे तिथे लपायला जागा नाही.

खालच्या बाजूचंही तसंच. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, ६९ हर्ट्झच्या आसपास पडतो. एलएसएक्स २ कंपनीच्या आकड्यांनुसार ५४ हर्ट्झपर्यंत व्यवस्थित उतरते, म्हणजे खर्ज आणि डग्ग्याची मींड हातात राहते. साडेचार इंची कोनाकडून (थरथरणाऱ्या पडद्याकडून) हे काम होतं याचं मला अजून कौतुक वाटतं. आर१२८०डीबीचा ४ इंची वूफर (जाड स्वरांचा कोन) खर्जाचा अंदाज देतो, वजन देत नाही. पण किंमत बघता ही तक्रार करायला तोंड नाही. डायमंड १२.१ चा वूफर १३० मिलिमीटरचा, म्हणजे ५ इंचांहून किंचित मोठा. मध्यम आवाजाला त्याच्यावर गायकाचा गळा तिघांत सगळ्यात मोकळा लागतो असं माझं मत.

एलएसएक्स २ ची खरी जादू दुसरीकडे आहे. तिचा ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलेला आहे, त्यामुळे जाड-बारीक सगळे स्वर एकाच बिंदूतून निघतात. सोफ्यावर मधल्या जागी बसा की कडेला, गायिका मधेच राहते आणि तंबोरे तिच्या मागे. चार माणसं एकत्र बसून ऐकणाऱ्या घरात हा गुण पैसे वसूल करतो.

स्पेसिफिकेशनमध्ये मात्र एक बारकावा दडलेला असतो. एलएसएक्स २ ला नेटवर्कवरून ३८४ किलोहर्ट्झपर्यंतची फाइल घेता येते. पण दोन स्पीकर एकमेकांशी बिनतारी जोडलेले असतील तर आत तो आवाज २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर येतो, आणि मधे वायर टाकली तर ९६ वर. मोठा भाऊ एलएस५० वायरलेस २ याच दोन अवस्थांत ९६ आणि १९२ देतो. कानाला यातून फार काही वेगळं लागेल असं नाही, पण मोठ्या आकड्याला भुलून जादा पैसे मोजू नका.

खोली आणि प्लग

विश्रामबागेतल्या नव्या इमारतींमधला हॉल बघा: खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच. टाळी वाजवली की ती परत ऐकू येते. अशा खोलीत लाखाची जोडीही ओरडते. जाड सतरंजी, काचेवर कापडी पडदा आणि मागच्या भिंतीशी पुस्तकांचं कपाट एवढं केलं तर वीस हजारांची जोडी सुधारलेली कळते. हा खर्च आधी करावा, कारण कोणतीही जोडी घेतली तरी तो वाया जात नाही.

दुसरा घोळ शोकेसचा. टीव्हीच्या युनिटमध्ये बरोब्बर मापाचा खण असतो आणि स्पीकर तिथे ढकलला जातो. ज्यांचं हवेचं भोक मागे आहे त्यांचा खालचा आवाज तिथे घुमतो आणि पुरुष गायकाला सर्दी झाल्यासारखी वाटते. एलएसएक्स २ चं भोक मागे आहे, पण तिच्या ॲपमध्ये भिंतीचं अंतर आणि टेबलाची कड यांची सेटिंग आहेत, ती प्रामाणिकपणे भरली तर बराच फरक पडतो. आर१२८०डीबीचं भोक पुढे, त्यामुळे खणात ठेवायचीच असेल तर तीच कमी बिघडते. उंचीही बघा. भारतीय बैठकीवर मांडी घालून बसणाऱ्याचा कान जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतो. परदेशी स्टँड खुर्चीचा हिशेब धरून बनवलेले असतात. आपल्याकडे सुताराकडून बुटकी घडवंची करून घेतलेली बरी.

प्लगचा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही. एलएसएक्स २ ची जोडी आपसात बिनतारी बोलते खरी, पण दोन्ही स्पीकरना वीज स्वतंत्र लागते. हॉलच्या दोन टोकांना दोन प्लग आहेत का? नसतील तर भिंत खणायची की एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत ठेवायचा, हे आधी ठरवा. आर१२८०डीबीमध्ये एकाच स्पीकरला वीज जाते, दुसरा साध्या तांब्याच्या वायरने जोडलेला असतो आणि ती वायर हवी तेवढी लांब घेता येते. साध्या स्पीकरना तर वीजच नको, फक्त विम ॲम्पला एक प्लग.

लाइट जाते तिथे इन्व्हर्टर असतो, आणि जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर स्पीकरमध्ये गुरगुरतो. शुद्ध साइन वेव्हचा असेल तर त्रास नाही. केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स साध्या आरसीए वायरने जोडल्यावर भुणभुण आली तर ती बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यामुळे असते. ऑप्टिकल वायर वापरली की जाते, कारण तिच्यातून वीज वाहतच नाही. स्ट्रीमरपासून आर१२८०डीबीपर्यंतही ऑप्टिकलच टाका. आवाज आला नाही तर विमच्या ॲपमध्ये मर्यादा ४८ किलोहर्ट्झवर आणून बघा.

कृष्णाकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतीलच. एलएसएक्स २ ची जोडी सातेक किलोची, एका खेपेत जिन्यावरून वर जाते. एलएस५० वायरलेस २ ची जोडी वीस किलोंच्या घरात. पाणी वाढल्याचा भोंगा वाजल्यावर हा फरक कळतो.

आधी काय म्हातारं होतं

माझं पारडं इथे झुकतं. स्पीकरचं लाकूड, कोन, चुंबक वीस वर्षं आरामात जातात. त्यातला वाय-फायचा भाग मात्र फोनसारखा जुना होतो. गूगलने क्रोमकास्ट ऑडिओची विक्री २०१९ मध्ये थांबवली. मार्च २०२५ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या घरांतली ती यंत्रं एका दिवसात अडली, पुढे गूगलने दुरुस्तीचं अपडेट पाठवलं. सोनोसने २०२० मध्ये जुनी उत्पादनं एका ॲपवर आणि नवी दुसऱ्यावर अशी वाटणी केली, आणि मे २०२४ मध्ये आणलेल्या नव्या ॲपवरून ग्राहक इतके चिडले की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. आवाजाचा भाग या सगळ्यात जिथल्या तिथे ठणठणीत होता.

स्ट्रीमर सुटा असेल तर असं काही झाल्यावर दहा हजारांत नवा येतो आणि स्पीकर तसेच राहतात. सगळं आतच असेल तर अख्खी जोडी अडते. एलएसएक्स २ ला एचडीएमआय, ऑप्टिकल आणि ऑक्सची तोंडं आहेत, म्हणजे उद्या तिचं वाय-फाय थकलं तरी बाहेरून स्ट्रीमर लावता येईल. तेवढा दिलासा आहे. तिची एलटी आवृत्ती बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या स्वस्त आवृत्तीत ऑक्स नाही आणि दोन स्पीकरमधे वायर टाकावीच लागते.

दुरुस्तीचंही बघा. साध्या स्पीकरच्या कोनाची कड फाटली तर बदलून देणारा कारागीर जिल्ह्यात सापडतो. वाय-फाय जोडीचा सर्किट बोर्ड गेला तर अधिकृत सेवाकेंद्रच गाठावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा कुरिअरने मोठ्या शहरात.

म्हणून बजेट साठ-सत्तर हजार असेल आणि गाणं हा घरातला रोजचा कार्यक्रम असेल, तर विम ॲम्प आणि साधे स्पीकर घ्या. त्या ॲम्पची ताकद ८ ओहमला प्रत्येक बाजूला ६० वॉट आहे, आपल्या हॉलसाठी ती रग्गड. टीव्हीसाठी एचडीएमआय आहे, आणि पुढे सबवूफर हवासा वाटला तर त्याचीही सोय आहे. पंचवीसच्या आत बसवायचं असेल तर आर१२८०डीबी आणि विम, बिनदिक्कत. त्याच पैशात दिव्यांची रोषणाई करणारे पार्टी स्पीकर मिळतात, त्यांच्याकडे फिरकू नका.

एलएसएक्स २ कुणी घ्यावी? ज्यांची खोली लहान आहे, ॲम्प ठेवायला जागा नाही, वायर दिसलेली घरात खपत नाही आणि लाखाचा खर्च जड जाणार नाही, त्यांनी. अशा घरात ती बाकी दोन्हींपेक्षा सरस बसते, आणि मी वर मांडलेला म्हातारपणाचा मुद्दा त्यांनी खुशाल बाजूला ठेवावा. एलएस५० वायरलेस २ तिच्याही पुढची आहे यात शंका नाही, पण १० बाय १२ च्या खोलीत तिचं सामर्थ्य कोंडून राहतं.

ऐकून घ्यायचं असेल तर पुण्याची फेरी धरून चाला. जाताना स्वतःचा फोन न्या, त्यात ओळखीचा एक ख्याल, एक लावणी आणि नुसत्या तंबोऱ्याची पाच मिनिटं उतरवून ठेवा. विक्रेत्याला आवाज घरी ऐकता तेवढाच ठेवायला सांगा, कारण मोठ्या आवाजात कोणतीही जोडी दुसरीपेक्षा भारी वाटते. ऑनलाइन मागवत असाल तर वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची आहे ना हे बिलावर बघा. आणि खोकं, थर्माकोलसकट, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. बिघडलेला स्पीकर परत पाठवायची वेळ आली तर मूळ पॅकिंगमधूनच तो धड पोचतो.