‘गुड’ पात्र खेळायचंय? एसआरडी ५.१ कितपत पुरते

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, आपापलं पात्र रंगवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, म्हणजे एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. सुमारे चारशे पानांची इंग्रजी पीडीएफ आहे. संभाजीनगर, लातूर, नांदेडात मंडळी जमवून मराठीतून खेळायचं असेल, तर सुरुवात हिच्यापासूनच करावी. इथे ती एकाच अंगाने तपासली आहे: चांगलं पात्र खेळणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

अलाइनमेंटवरचा, म्हणजे पात्राच्या नैतिक कलावरचा, मजकूर फारच थोडा आहे. नऊ प्रकारांपैकी तीन ‘गुड’. लॉफुल गुड समाजाला मान्य असलेल्या योग्य वाटेने जातो, न्यूट्रल गुड समोरच्याची गरज पाहून जमेल तेवढी मदत करतो, केऑटिक गुड लोक काय म्हणतील याची पर्वा न करता मनाला पटेल ते करतो. हा फरक समजावायला पैठणची गोष्ट पुरे. नाथांनी रामेश्वरासाठी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं. हा निखळ न्यूट्रल गुड निर्णय. आणि त्यात कावड खरोखर रिकामी झाली, हे महत्त्वाचं. काहीच गमवावं लागत नसेल तर पात्राचा चांगुलपणा फक्त कागदावर राहतो.

‘डिटेक्ट इव्हिल अँड गुड’ या मंत्राच्या नावावर जाऊ नका. त्याने फिएन्ड (सैतानी जीव), अनडेड (मेल्यावरही वावरणारे), सेलेस्टियल (स्वर्गीय जीव) अशा जीवजाती कळतात. गावचा सावकार लबाड आहे का, हे कळत नाही. आमच्या मते हे उत्तमच. चौकशी केल्याशिवाय तलवार उपसता येत नाही.

या नियमांचं खरं बळ एका छोट्या परिच्छेदात आहे. जवळून केलेल्या हल्ल्याने शत्रूचे हिट पॉइंट (तग धरण्याचे गुण) शून्यावर आले, की त्याला मारायचं की फक्त बेशुद्ध करायचं, हे त्याच क्षणी ठरवता येतं. आधी सांगावं लागत नाही, फाशातून काही वजाही होत नाही. जुन्या ३.५ आवृत्तीत साध्या तलवारीने असं करायला हल्ल्यातून ४ वजा व्हायचे, म्हणून दया महाग पडायची. पण बाण किंवा फायरबॉल्टला (दुरून आग फेकणारा मंत्र) ही सवलत नाही, आणि नवे खेळाडू नेमके इथेच चुकतात: दरोडेखोर जिवंत हवा असतो आणि शेवटचा वार धनुर्धराचा पडतो. शेवटचा वार जवळच्यालाच करू द्या. बेशुद्ध माणूस उपचार न होता १ ते ४ तासांत १ हिट पॉइंटसह उठतो. म्हणून ५० फूट दोर (१ सोन्याचं नाणं) किंवा बेड्या (२ नाणी) आधीच घ्या. ५ नाण्यांच्या हीलर्स किटमध्ये दहा वापर असतात. मरणाऱ्याला स्थिर करायला फासाही टाकावा लागत नाही.

दुष्काळी गावाची कथा मांडणार असाल तर ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ बघा. पहिल्या लेव्हलचा मंत्र, १० गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर पाणी. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे (देवाच्या बळावर मंत्र टाकणारं पात्र) दोनच स्लॉट, म्हणजे असे मंत्र दोनदाच टाकता येतात. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत ते कुणाला द्यायचं आणि मग जखमींवर उपचार कशाने करायचे, यावर अख्खी संध्याकाळ जाईल.

उणिवाही आहेत. पॅलाडिनला, म्हणजे शपथेने बांधलेल्या योद्ध्याला, एकच शपथ दिली आहे, डिव्होशनची. बॅकग्राउंडही (पात्राची पार्श्वभूमी) अकोलाइट, म्हणजे देवळातला सेवेकरी, एवढंच. त्याहून मोठी उणीव म्हणजे सोबत्यांशी कसं जुळवायचं यावर पुरेसं काही नाही. मग लॉफुल गुडवाला चोर पात्राच्या मागे फौजदारासारखा लागतो आणि खेळ बसतो. पात्रं बनवण्याआधीच तीन गोष्टी बोलून घ्या: शरण आलेल्याचं काय करायचं, आपसात चोरी चालेल का, माहितीसाठी छळ चालेल का. पॅलाडिनच्या शपथेतल्या पाच तत्त्वांमध्ये करुणा आहे, पण ती शहाणपणाने वापरायची असंही लिहिलंय. ती ओळ त्या खेळाडूला मोठ्याने वाचायला लावा.

सगळी पीडीएफ छापू नका. अलाइनमेंट, क्लेरिक, पॅलाडिन, सामान आणि लढाई एवढे भाग झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून घ्या. मंत्र मोबाइलवर शोधलेले बरे.